तांडेलाची आंघोळ

ग्रीकांच्या एका बेटावर लिकोन नावाचा तांडेल होता. स्वतःचं गलबत, ऑलिव्हच्या तेलाचा व्यापार, आणि ताठा तर विचारूच नका! घरी माणूस एकच, म्हातारी आई.

एका वादळात त्याचं गलबत फुटलं. दुसऱ्या गलबतावाल्यांनी फळ्या तरंगताना पाहिल्या आणि गावात येऊन सांगितलं, लिकोन बुडाला. आईने रडत रडत त्याचे अंत्यविधी केले, त्याच्या नावाचा दगड उभारला. आणि तीन वर्षांनी हा गडी धडधाकट परत आला! लाटांनी त्याला इजिप्तच्या किनाऱ्यावर नेऊन टाकलं होतं.

पण त्या गावची एक रीत होती. ज्याचे अंत्यविधी झाले, तो मेला. त्याला घरात घ्यायचं तर आधी तान्ह्या बाळासारखं न्हाऊ घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, दूध पाजायचं. तोवर त्याला कुणी शिवायचं नाही.

लिकोन भडकला. "मी काय कुकुलं बाळ आहे? चूक गावाची, मग मी का नमू?"

आई लांबूनच म्हणाली, "अरे राजा, घटकाभराचं काम. लोक हसतील आणि विसरतील."

"हसतील ना? मग नाहीच!"

तो किनाऱ्यावर झोपडी बांधून राहिला. आई रोज यायची, खडकावर भाकरी ठेवायची आणि दहा पावलं मागे सरून त्याला जेवताना बघायची. वारा असला की तिचं बोलणंही त्याला ऐकू यायचं नाही. फार एकटा पडला होता बिचारा, पण कबूल करेल तर शपथ!

असे दोन हिवाळे गेले. एके सकाळी आई आली नाही. दुपारी गावातून तिची अंत्ययात्रा निघाली.

लिकोन धावत सुटला. "मला खांदा देऊ द्या!"

लोक मागे सरले. मेलेल्याने खांदा कसा द्यायचा? तेव्हा तो रस्त्यातच गुडघ्यांवर बसला. "घाला मला न्हाऊ! आत्ता, इथेच! हसा हवं तेवढं!"

कुणीही हसलं नाही. पुजारी हळूच म्हणाला, "घालू रे बाबा. पण आज नाही. सुतक फिटू दे."

सुतक फिटल्यावर शेजारणींनी त्याला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं. मग रीतीप्रमाणे पुजाऱ्याने विचारलं, "हे बाळ कुणाचं?"

याचं उत्तर आईने द्यायचं असतं.

तात्पर्य: चूक कुणाचीही असो, आपलं माणूस वाट बघत असताना ताठा धरून बसू नये, आपण नमायला तयार होऊ तेव्हा ते माणूस असेलच असं नाही.