वेसजाईची चाकोरी

हे वेसजाई माते, तू गावाच्या वेशीवर बसतेस. आत येणाऱ्याचे आणि बाहेर जाणाऱ्याचे, दोघांचेही पाऊल तुला कळते. चालणाऱ्याच्या पायांतले बळ तू आणि फिरणाऱ्या चाकातली गतीही तूच. तुझी कथा सांगताना जिभेवर खोटे येऊ देऊ नकोस आणि खरे सांगताना जीभ अडखळू देऊ नकोस. तुला साष्टांग नमस्कार.

मंडळी, पादत्राणे त्या कट्ट्याखाली ठेवा आणि जवळ या. गाभाऱ्याभोवती ही काळ्या दगडांची फरसबंदी आहे, तिच्यात एक वाटोळी खाच गेलेली दिसते ना? बोट घालून पाहा, पहिले पेर सहज बुडते. पहिल्यांदा येणारा म्हणतो, बैलगाडीच्या चाकाची असेल. पण गाडीच्या खाचा दोन असत्या. ही एकच आहे, आणि देवीला पूर्ण वेढा घालून ती पुन्हा आपल्यालाच येऊन मिळते. हिला आम्ही चाकोरी म्हणतो. ती सायकलीच्या चाकांनी पडली, असे सांगतात. आणि लोखंडाने नव्हे, रबराने.

आपल्या मोटरी वेशीबाहेर लावून घेतल्या, तेव्हा आपल्यातले काही जण चिडले. या गृहस्थांच्या हाती पंप दिला, तेव्हा ते म्हणालेसुद्धा, "आजोबा, मी देवदर्शनाला आलोय की सायकलच्या दुकानात कामाला?" त्यांचे चुकले नाही. कथा ठाऊक नसेल तर कोणालाही असेच वाटेल. ती आता ऐका.

संस्थानांच्या काळची ही गोष्ट. हिवरकसब्याची जहागीर तेव्हा हैबतरावांकडे होती. कसबा मुळात कोष्ट्यांचा, विणकरांचा. वेशीपासून गढीपर्यंत जाणारा हा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंच्या घरांत हातमाग. आसपासच्या मुलखाच्या आधी इथे सायकल आली म्हणे. कोष्टी लुगड्यांचे गठ्ठे कॅरिअरला बांधून बाजारी जात, मास्तर धोतराचा सोगा खोचून शाळा गाठीत, आणि देवीचा पुजारीही फुलांची परडी हँडलला अडकवून पूजेला येई. सकाळी हा रस्ता घंट्यांनी किणकिणत असे. देवीला निराळी घंटा वाजवायची गरज पडत नाही, असे जुनी माणसे कौतुकाने म्हणत.

पुढे हैबतरावांनी मोटर आणली. गावाने तिलाही कुंकू लावले, तिच्यापुढे नारळ फोडला. मनात कोणाच्या काही नव्हते. परंतु एके दिवशी एक म्हातारा कोष्टी गठ्ठा लादून रस्त्याच्या मधून चालला होता. त्याला कमी ऐकू येई. मोटर त्याच्यामागे गढीपर्यंत रखडत गेली, आणि दारादारांतली माणसे ते पाहून हसली. हसण्यात विष नव्हते, पण जहागीरदारांना ते झोंबले. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. हा रस्ता यापुढे मोटरीचा. त्यावर सायकल दिसली तर चाकातली हवा सोडायची आणि हवा धरून ठेवणारी ती बोटाएवढी पितळी नळी, जिला आम्ही सगळे व्हॉल म्हणतो, ती काढून जप्त करायची. सायकलवाल्यांनी नाल्याकडच्या वाटेने जावे. त्या वाटेवर बाभळीचे बन होते. काट्यांतून सायकल ढकलीत नेणाऱ्यांच्या पायांची आणि टायरांची एकच चाळण झाली.

वेशीवर खंडू जमादाराला बसवले. व्हॉल गोळा करायला त्याच्यापाशी कातडी थैली. एकदा जहागिरीच्या कारभाऱ्यांनी मानेने जाऊ देण्याची खूण केली म्हणून त्याने शाळेच्या मास्तरांना जाऊ दिले. हैबतरावांनी त्या खंडूला भर चौकात फटके मारवले आणि सांगितले, "यापुढे सुटका होईल ती माझ्या तोंडच्या शब्दाने. चिठ्ठी नाही, खूण नाही. माझे तोंड!"

गढीच्या पायथ्याशी निवृत्ती कोष्टी राहत असे. त्याची बायको भिवरा, आणि नवसाने झालेली एकुलती लेक अंबू. एका दुपारी अंबूचा गळा धरला. घास गिळेना, मग पाणी गिळेना, मग श्वास घेताना छातीतून शिटी वाजू लागली. वैद्यबुवा वेशीपलीकडे, माळावरच्या गोसाव्याच्या मठात. पायी जायचे तर लांबचा पल्ला. सायकलीने मात्र बघता बघता गाठावा असा. निवृत्तीने पोरीला पुढच्या दांड्यावर बसवले आणि दवंडी विसरून सरळ या रस्त्याने सायकल हाणली. भिवरा मागून धावत होती.

वेशीत खंडूने हँडल धरले. शिकारीला निघालेली जहागीरदारांची मोटर तिथेच उभी होती.

"जमादार, पोरीचा गळा धरलाय. वैद्यबुवांपर्यंत जाऊ द्या. येताना व्हॉल काय, अख्खी सायकल ठेवून घ्या!"

खंडूने मोटरीकडे पाहिले. आतून हैबतराव म्हणाले, "का रे, दवंडी ऐकू आली नाही? मागाच्या खटखटीत कान गेले काय?"

"सरकार, मग मोटरीतनं तरी न्या. पोरीला पायाशी ठेवा नुसतं."

"मोटर आत्ताच धुतलीय," हैबतराव म्हणाले.

ड्रायव्हर दस्तगीर दार उघडायला खाली उतरला होता म्हणे. त्याला परत बसवण्यात आले. खंडूने दोन्ही व्हॉल उपटले, चाके फुसकन बसली, आणि हैबतराव हसून म्हणाले, "गेली हवा! आता पळ."

निवृत्ती पळाला. लेकीला खांद्यावर टाकून माळ तुडवीत पळाला. मठाचा कळस दिसू लागला, तिथे एक चिंच आहे. त्या चिंचेपाशी त्याच्या कानाशी वाजणारी शिटी थांबली.

भिवरा सायकल धरून वेशीतच उभी होती. नवरा परतताना दिसला. त्याच्या चालण्यावरूनच तिला कळले. तिने हंबरडा फोडला नाही. ती बसक्या चाकांची सायकल ढकलीत या गाभाऱ्यासमोर आली आणि बोलली, "आई, ज्या तोंडानं माझ्या लेकीची वाट अडवली, ते तोंड तू बंद कर. ते बंद होईपर्यंत ही सायकल अशीच तुझ्याभोवती फिरंल. तिच्यात हवा भरणार नाही, अन् माझ्या डोळ्यांत पाणी येऊ देणार नाही."

अंबूला माती दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून भिवराच्या प्रदक्षिणा सुरू झाल्या. मागावरचे काम उरकले की ती इथे येई आणि सायकल ढकलीत फिरत राही. हवा नसलेले रबर दगडावर घासून खर्र खर्र आवाज होई. तो पार गढीपर्यंत जाई. हैबतराव जेवायला बसले की मुद्दाम मोटरीचा भोंगा वाजवायला लावीत, पण भोंगा थांबला की खाली तो आवाज असेच. शेजारणी म्हणत, "भिवरे, पुरे कर गं. पायांची काय दशा झाली बघ."

"पाय माझं हायत," ती म्हणे, "अन् गाऱ्हाणं आईकडं हाय. तुम्ही कशाला मधी पडता?"

वेशीतून जाता येता ती जमादाराला टोमणा मारी, "खंडूभाऊ, थैली भरली का? गळ्यात बांधा की, दागिना शोभंल."

अशी वर्षे लोटली. दगड झिजला, टायरचे रबर झिजले नाही. देवीने तिच्या रागाला आपले बळ दिले, असे आमचे वाडवडील सांगत.

आम्ही हयातभर संतांचे अभंग गात आलो. क्षमेवर कीर्तने ऐकली, स्वतःही केली. म्हणून पुष्कळ जण विचारतात की देवीने असल्या रागाला का साथ द्यावी. क्षमा थोर आहे, यात शंका नाही. पण ती कोणीतरी मागावी लागते. हैबतरावांनी ती मागितली नव्हती. आणि आमच्या आईच्या हातात कमळ नाही, त्रिशूळ आहे. मूर्ती घडवणाऱ्याने तो उगाच दिलेला नाही.

नवरात्रातील अष्टमी होती. भर दुपारी पंगतीत बसलेल्या हैबतरावांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांचा गळा धरला. पाणी दिले, ते नाकावाटे परत आले. बोलायला तोंड उघडले, तर आतून केवळ शिटी. दस्तगीरने मोटर काढली आणि भरधाव वेशीपर्यंत आणली. इथे, या देवळासमोर, मोटरीची चारही चाके एकाच वेळी बसली. खिळा नाही, काटा नाही. दस्तगीर वैद्यबुवांना आणायला माळावरून पायीच धावत सुटला.

हैबतराव खाली उतरले. समोर भिवरा प्रदक्षिणा घालीत होती. त्यांनी खंडूला हातांनी खुणा केल्या. सायकल हवी, व्हॉल हवा, कोणाला तरी पाठव.

खंडूने हात जोडले. "सरकार, तोंडून शब्द येऊ द्या. खुणेवर गेलो होतो, त्याचे वळ अजून पाठीवर हायत."

हैबतरावांनी तोंड उघडले. शिटी वाजली.

तोवर घराघरांतून माणसे बाहेर आली होती. प्रत्येकाच्या ओसरीत सायकल होती. थैलीतला एकेक व्हॉल लावला असता तर वैद्यबुवांकडे दहा जण निघाले असते. कोणी जागचे हलले नाही. कोणी कोणाला अडवलेही नाही. सगळा कसबा नुसता उभा राहिला.

मग जहागीरदारांनी स्वतःच थैली हिसकली. व्हॉल फरसबंदीवर सांडले. गुडघ्यांवर बसून त्यांनी ते वेचले, आणि जवळ उभी असलेली एकच सायकल, भिवराची सायकल, तिला लावले. मोटरीतला पंप आणला. भिवराने हँडल घट्ट धरून सायकल सरळ उभी केली.

हैबतराव पंप मारू लागले. हवा आत गेली आणि सुस्कारा टाकीत बाहेर पडली. वर्षानुवर्षे हवेविना घासून आतल्या ट्यूबच्या चिंध्या झाल्या होत्या.

निवृत्तीला राहवले नाही. तो गर्दीतून पुढे आला. "भिवरे, अगं ट्यूब फाटलीय. सांग त्याला."

"त्याला ऐकू येतंय की," ती म्हणाली. मग जहागीरदारांकडे वळून, आवाज न चढवता, "मारा सरकार. माझा नवरा पळाला होता. तुम्ही पंप तरी मारा."

ते मारीत राहिले. भरत होते आणि निसटत होते. त्यांच्या छातीतली शिटी आणि चाकातला सुस्कारा, दोन्ही आवाज गाव ऐकत होते. दस्तगीर वैद्यबुवांना पाठुंगळीवर घेऊन वेशीत पोचला, तेव्हा पंपाच्या मुठीवरचा हात गार पडला होता. त्या एकट्या दस्तगीरनेच त्यांचे डोळे मिटले, असे सांगतात.

तेव्हा भिवराने हँडल सोडले. सायकल आडवी पडली, आणि ती बाई लेकीचे नाव घेऊन पहिल्यांदा रडली. रडून झाल्यावर तिने फरसबंदीवरचे सगळे व्हॉल पदरात गोळा केले आणि दारोदार जाऊन ज्याचे त्याला दिले. तिला पुढे पश्चात्ताप झाला का, असे पाहुणे विचारतात. आमच्या गावात तसे कोणी सांगत नाही, आणि जे कोणी सांगत नाही ते आम्ही पदरचे घालणार नाही.

त्यानंतर जी मोटर वेशीच्या आत आली तिची चाके इथे बसली. लोकांनी देवीला कौल लावला. कौल मिळाला, तो असा की त्या माणसाने भरलेली हवा चाकात टिकली नाही, ते काम अपुरे राहिले आहे. म्हणून मोटरीतून येईल त्याने मोटर बाहेर ठेवावी, गावातल्या कोणाही एका सायकलीत हवा भरावी आणि मग पायी किंवा सायकलीने आत यावे. हवा भरताना बोलू नये. कारण तो माणूस बोलू शकला नव्हता.

मध्यंतरी हा रस्ता रुंद करून मोटरींना मोकळा करावा, असे काही मंडळींच्या मनात आले. मोजणीसाठी दोऱ्या लागल्या. त्या दिवशी गावातल्या बायकांनी आपापल्या सायकलींची हवा सोडली आणि सगळ्यांनी मिळून त्या गाभाऱ्याभोवती ढकलायला सुरुवात केली. खर्र खर्र खर्र. मोजणीवाल्यांनी ते थोडा वेळ ऐकले आणि दोऱ्या गुंडाळल्या. त्यांना कोणी वावगा शब्दही बोलले नाही.

आजही अष्टमीच्या दुपारी या रस्त्यावर बाजार भरत नाही आणि माग थांबतात. गावातली प्रत्येक लेक, कोष्ट्याची असो, मुलाण्याची असो, तेल्याची असो, बापाच्या, भावाच्या किंवा आईच्या सायकलीच्या दांड्यावर बसते आणि गढीपासून निघते. वेशीत तिला कोणी थांबवत नाही. माळ ओलांडून, त्या चिंचेखालून पुढे, मठाच्या दारापर्यंत तिला नेतात, आणि ती उतरली की साऱ्या सायकलींच्या घंटा एकदम वाजतात.

मंडळी, ही कथा ज्याने कान देऊन ऐकली त्याच्या घरात आजारी माणसाला वाट मोकळी मिळो. लेकी सुखरूप पोचोत. दारातली सायकल हलकी चालो, आणि त्या दाराला कुलूप लावण्याची वेळ दुःखाने कधी न येवो. जे ऐकत होते, जे वाटेत आहेत आणि जे घरी वाट पाहत आहेत, त्या सर्वांचे वेसजाई माता कल्याण करो.