आणखी एक पाटा

"बुवा, गाडीला आणखी एक पाटा घालू का?"

चिंतूबुवा तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कितवा?"

"तिसरा."

माळावरच्या या मठाची रीत साधी होती. अनुग्रह हवा असेल, तर आधी सहा महिने भटकून यायचं. एका गावात दोन रात्री राहायचं नाही. बाकीचे शिष्य खांद्याला झोळी अडकवून निघत. पण हेरंब टिळेकरचं सांगलीत टाइल्सचं दुकान, तेही दुमजली. असा माणूस झोळी घेऊन कसा जाईल? त्याने पिकअप घेतली आणि तिच्या पाठीवर पत्र्याची खोली चढवली. पलंगासकट.

गाडी वजनाने मागून खाली बसली. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

मग हायवेवरच्या पाटेवाल्याकडून त्याने मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत एक जादा पोलादी पाटा घालून घेतला. गाडी सरळ झाली. ती सरळ झाली म्हणून हेरंबने पाण्याची टाकी बसवली. गाडी पुन्हा बसली. दुसरा पाटा घातला. मग फ्रिज आला. यातच वर्ष सरलं. निघायचं तेवढं राहून गेलं.

"आता काय भरलंस?" बुवांनी विचारलं.

"पेटी. भजनाला."

"वाजवाय येती?"

"शिकेन की वाटेत."

बुवा पाणी घालत राहिले.

"आणि दोन खुर्च्या. घडीच्या."

"दोन?"

"कुणी आलं-गेलं तर..."

बुवांनी तांब्या खाली ठेवला.

"काढ समदं."

हेरंबला वाटलं, बुवा थट्टा करताहेत. बुवा थट्टा करत नव्हते. पलंग निघाला, टाकी निघाली, फ्रिज निघाला. अंगणात लग्नाचं रुखवत मांडावं तसा पसारा झाला. मठाचं कुत्रं येऊन एका खुर्चीवर बसलं. गाडीच्या पाठीवर नुसती हलकी रिकामी खोली उरली.

"आता हाण. ओढ्यापातूर जाऊन येऊ."

बुवा पुढे शेजारी बसले. गाडी माळाच्या वाटेला लागली आणि पहिल्याच खड्ड्यात मागून अशी उडाली, की हेरंबचं डोकं छताला आपटलं. दुसऱ्या खड्ड्यात जीभ चावली गेली. बुवांनी दोन्ही हातांनी दांडी धरली होती आणि ते पोरासारखे हसत होते. ओढ्याशी पोचेपर्यंत हेरंबची हाडं खिळखिळी झाली.

"रिकामी आहे ना, बुवा! पाटे पडले कडक. दाबायला वजनच नाही, मग उडणारच. मागे काहीतरी हवं."

"असं म्हणतोस?"

"तुम्हीच सांगा. पाटे काढू, की सामान भरू?"

बुवा ओढ्याकडे बघत राहिले.

"काढाय येत्यात पाटे?"

"येतात की. पाटेवाला दुपारभरात काढून देईल."

"मग वरीसभर का न्हाई काढलंस?"

हेरंबने चावी फिरवून गाडी बंद केली.

"तुमचं वय झालंय, बुवा. मी सहा महिन्यांनी परत येईन आणि... तुम्ही नसाल. म्हणून पाय निघत नाही. पाट्याचं आपलं निमित्त."

वर्षभरात हे एवढंच तो खरं बोलला होता. दुमजली दुकानाचा मालक, पण डोळे पार भरून आले होते.

बुवा दार उघडून उतरले, कण्हतकुंथत मागे चढले आणि रिकाम्या खोलीत मधोमध मांडी घालून बसले.

"बघ रं, दबली का गाडी?"

हेरंब उतरला. मागच्या चाकापाशी उकिडवा बसून त्याने बघितलं.

"नाही, बुवा."

"नीट बघ."

त्याने चाक आणि मडगार्डच्या मधे बोटं घालून बघितली.

"सूतभरसुद्धा नाही."

"मग मला मठात कशाला ठेवून जातोस?"