तेलाचा पातळ हात

"आक्का, शेगडी झाली की मी जायचं, असंच ना?"

त्या सकाळी अच्युताने हे तिसऱ्यांदा विचारलं. आक्का भाजी निवडत होत्या. त्यांनी मान हलवली खरी, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळेना.

अच्युत वाईचा. शास्त्र शिकलेला, वाणी गोड, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. घाटमाथ्यावर आक्कांच्या मठात त्याने चार वर्षं काढली होती. आता साताऱ्याहून सात दिवसांच्या प्रवचनाचं बोलावणं आलं होतं. गुरुवारी दुपारी मोटार यायची होती. आक्कांनी जा म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, आणि आक्कांनी नेमकी आत्ताच ही शेगडी बाहेर काढली.

साहेबाच्या काळातली बिडाची शेगडी ती. पुढे दार, खाली चार पाय, आणि घाटातल्या धुक्याने वर गंजाचा लाल थर. तो घासून काढायचा, मग जवसाच्या तेलाचा हात देऊन तापवायचं. असं केलं की बीड काळं, गुळगुळीत होतं आणि पुन्हा गंजत नाही.

"हात पातळ दे. चारदा दे," आक्का म्हणाल्या होत्या.

रविवार, सोमवार घासण्यात गेले. बोटांची सालटी निघाली. घासता घासता हा मनात प्रवचन घोळवायचा, मध्येच उठून कागदावर उतरवायचा, पुन्हा येऊन घासायचा. एका जागी बूड म्हणून टिकेना.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तो कशाला चारदा पातळ हात देतोय? मंगळवारी त्याने वाटीभर तेल एकदमच चोपडलं आणि आत जाळ घातला.

बुधवारी सकाळी पाहतो तर शेगडी काकवीसारखी चिकट. त्यात राख, केस, वर दोन माश्या. अच्युताला रडूच आलं. लाज वाटली ती वेगळीच.

आक्कांनी बोट लावून पाहिलं. बोट चिकटलं. ते ओढून सोडवलं.

"पुन्हा घास," एवढंच म्हणाल्या.

बुधवार पुन्हा घासण्यात गेला. गुरुवारी उजाडताच त्या स्वतः शेगडीपाशी येऊन बसल्या. फडक्यावर तेल घेतलं, शेगडीला सगळीकडे चोळलं. मग कोरडं फडकं घेऊन लावलेलं सगळं पुसून काढू लागल्या.

"आक्का, हे काय? सगळं निघालं की."

"हं."

"मग लावलं कशाला?"

आक्कांनी आत लाकडं सारली. बीड तापलं, थोडा धूर झाला. धूर सरला तेव्हा राखाडी बिडावर काळी झाक आली होती. अच्युत बघतच राहिला.

दुसरा हात त्याने न सांगता दिला आणि पुसला. शेगडी तापेपर्यंत वेळ होता, म्हणून प्रवचनाचे कागद काढून वाचायला बसला. पहिल्याच पानावरचे शब्द त्याला मंगळवारच्या तेलासारखे चिकट वाटले. दोन ओळी खोडल्या, मग चार खोडल्या. मग ते पानच जाळात गेलं. त्यामागोमाग दुसरं गेलं...

तिसरा हात झाला तेव्हा कागद संपले होते.

दुपारी दारात भोंगा वाजला. अच्युत जागचा हलला नाही.

"मोटार परत पाठवतो, आक्का. चौथा हात राहिलाय."

"तो मी देईन."

"तसं नाही..." त्याने तेलाचं फडकं उचललं. "चार वर्षं वाटत होतं, किती सांगायचंय. आता सात दिवस सोडा, सात वाक्यंही सापडत नाहीत. तिथे जाऊन लोकांना देऊ काय?"

आक्कांनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"मग आता जा."