ज्यानं हुंकार धरला

तुम्ही गोष्ट ऐकताना हुंकार देता का? आणि देत असाल, तर तो कशासाठी देता, हे कधी स्वतःला विचारलं आहे का?

चंद्राक्कांनी हेच निनादला विचारलं, तेव्हा तो हसला. म्हणाला, ऐकतो आहे एवढं कळवायला. दुसरं काय?



आजऱ्याच्या वर, डोंगराच्या कडेला चंद्राक्कांचं घर आहे. त्या कथेकरीण. गोष्ट सांगायला शिकावी म्हणून लोक त्यांच्याकडे येऊन राहतात. निनाद कॉलेज संपल्यावर एक पावसाळा राहून गेला होता. हौसाबाई तर आल्या त्या परत गेल्याच नाहीत. आक्कांच्या गोष्टीला हुंकार त्याच देतात.

त्या घरात एक रीत आहे. गोष्टीच्या आधी एकानं हुंकार धरायचा. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. त्याचा हुंकार आल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. आणि ज्यानं हुंकार धरला, त्यानंच तो शेवटपर्यंत द्यायचा. मध्येच दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

निनादला ही रीत ठाऊक होती. पण पुण्याला गेल्यापासून तो ती विसरला होता.

पुण्याला तो व्हिडिओ गेम लिहितो. ज्या खेळात आपण कुणाचं तरी सोंग घेऊन फिरतो, तसले खेळ. खेळणारा वाटसरू होतो, गावोगाव जातो, माणसांना भेटतो. समोरचा माणूस बोलला की पडद्यावर खाली चार उत्तरं येतात. त्यातलं एक दाबायचं, की गोष्ट पुढे. ती माणसं, त्यांचं बोलणं आणि ती चार उत्तरं निनाद लिहितो.

त्या दिवशी तो पुण्याहून आक्कांकडे आला तो घाबरलेला होता. चेहऱ्यावर मात्र रुबाब होता.

चहा घेता घेता त्याने सगळं सांगितलं. नव्या खेळात केतकी नावाची एक मुलगी आहे, नावाड्याची. नदीवर धुकं येतं, आणि त्या धुक्यात काहीतरी असतं. ते माणसं घेऊन जातं. केतकीचा बाप त्यात गेला आहे. ती काठावर उभी राहून वाटसरूला विचारते, मी काय करू. सबंध खेळात जीव लावून लिहिलेला प्रसंग हाच, असं निनाद म्हणाला. पण कंपनीने काही जणांना खेळ खेळायला बसवलं, आणि ते बघायला निनाद मागे उभा राहिला.

कुणीच घाबरलं नाही. केतकी बोलायला लागली की लोक बटण दाबून तिचं बोलणं पळवायचे. वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं. एकाने तर जांभई दिली.

साहेब म्हणाले, बोलणं काढून टाकू, नुसती मारामारी ठेवू. उद्या सकाळी निनादने हो म्हणून कळवायचं होतं.

केतकी लढत नाही, पळत नाही, कुणाला काही देत नाही. ती नुसती बोलते. बोलणं गेलं की केतकी गेली.

"लोकांचे कान गेलेत, आक्का," निनाद म्हणाला. "लिहिण्यात खोट नाही. तुम्ही स्वतः बघा आणि सांगा."

खोट नाही, हेच त्यांच्या तोंडून ऐकायला तो एवढा घाट चढून आला होता.

त्याने लॅपटॉप उघडून पडवीत ठेवला. बाहेर भर दुपारी धुकं उतरलं होतं. समोरचा फणससुद्धा दिसत नव्हता.

आक्का खेळायला बसल्या. हौसाबाई डाळ निवडत मागून बघत होत्या. वाटसरू एका दारात गेला, मग दुसऱ्या दारात, मग तिसऱ्या.

"ह्याला घरचा कामधंदा न्हाई व्हय?" हौसाबाई म्हणाल्या. "ज्याच्या त्याच्या दारात जाऊन इचारतोय, तुमचं काय हरवलंय का म्हणून."

निनादला हसावं लागलं. आक्काही हसल्या.

मग नदी आली. पाण्यावरून धुकं सरकायला लागलं. केतकी काठावर उभी होती. ती म्हणाली, बाबांची हाक येते आहे, पण ती पाण्याच्या खालून येते आहे.

आक्कांनी ते वाक्य पुरं वाचलं. परत एकदा वाचलं.

"हे चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "मला सुचलं नसतं."

निनादचा चेहरा उजळला.

केतकीने विचारलं, मी जाऊ की थांबू? खाली चार उत्तरं आली.

आक्कांनी बोट उचललं... आणि मांडीवर ठेवलं.

मग त्या उठल्या. गोठ्यात जाऊन वासराचं दावं सोडून दुसरीकडे बांधलं, त्याला मूठभर पेंड दिली, पाय धुतले, आणि सावकाश परत येऊन बसल्या.

केतकी तशीच उभी होती. केस उडत होते, छाती वरखाली होत होती. धुकं तिच्या मागे होतं तिथेच होतं.

"हे मघाशी येत हुतं न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"हो."

"मग आलं कसं न्हाई?"

"तुम्ही उत्तर देईपर्यंत ते थांबतं, आक्का. खेळच तसा असतो. खेळणाऱ्याला घाई होऊ नये म्हणून."

"शहाणं हाय," आक्का म्हणाल्या.

त्यांनी पहिलं उत्तर दाबायला सांगितलं. जाऊ नकोस, असं. केतकी थोडं रडली आणि पाण्यात गेली. निनादने खेळ मागे आणला. त्यांनी दुसरं उत्तर घेतलं. केतकी रागावली आणि पाण्यात गेली. तिसऱ्याला ती हसली आणि गेली. चौथं त्यांनी दाबायला लावलंच नाही.

निनाद घाईने सांगायला लागला. पुढची सगळी गोष्ट तिच्या जाण्यावर उभी आहे. प्रत्येक उत्तराला निराळी गोष्ट लिहायला बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून वाटा चार दाखवायच्या आणि नेऊन एकीलाच मिळवायच्या, असं सगळेच करतात. खेळणाऱ्याला कळत नाही.

"कळत न्हाई?" आक्का म्हणाल्या. "मग जांभई का दिली त्यानं?"

निनादचा फोन वाजला. साहेबांचा निरोप होता. त्याने तो वाचला आणि फोन हातातच ठेवला.

आक्कांनी लॅपटॉप हळूच मिटला.

"हुंकार धर," त्या म्हणाल्या. "एक गोष्ट सांगते."

"आता?" निनादने विचारलं.

"धरतोस का?"

तो हो म्हणाला. नाही म्हणायचं कशाला, असं त्याला वाटलं.

आक्का सांगायला लागल्या. एक बाई होती. कडेवर लेक. तिला डोंगरापलीकडं जायचं होतं.

पहिलंच वाक्य ऐकून हौसाबाईंचा डाळीतला हात थांबला.

"आक्का, ही नको," त्या म्हणाल्या.

आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या निनादकडे बघत होत्या.

"हं," निनाद म्हणाला.

बाई निघाली. वाटेत धुकं लागलं. लेकीनं आईचा पदर मुठीत धरला.

"हं."

मागे काहीतरी वाजलं. पानावर पाय पडावा तसं. बाई थांबली तरी ते थांबायचं नाही. प्रत्येक वेळी थोडं जवळून वाजायचं.

निनादचा अंगठा फोनवर फिरत होता. साहेबांना काय लिहावं ते तो जुळवत होता. "हं," तो म्हणाला.

लेकीनं विचारलं, आई, पुढं पाणी हाय का?

"हं."

आई म्हणाली, पाणी न्हाई बाळा, ही वाटच ओली हाय.

"हं. हं."

हौसाबाईंच्या तोंडून बारीकसा आवाज आला. निनादने मान वर केली. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

आक्का म्हणाल्या, "पाय पाण्याला लागला."

आणि थांबल्या.

आक्का त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. हुंकाराची वाट बघत होत्या.

निनादचं तोंड अर्धवट उघडलेलं होतं. सवयीने हुंकार ओठांपर्यंत आला होता...

तो त्याने दिला नाही.

फोन त्याने खाली ठेवला, तोही उलटा.

"केवढं पाणी आहे, आक्का?"

आक्का गप्प.

"तिला पोहता येतं का?"

आक्का गप्प.

"मी मघाशी दोनदा हुंकार दिला. त्याने ती दोन पावलं पुढे आली का?"

"दिलास तेवढी आली," आक्का म्हणाल्या.

निनादला ती लेक दिसायला लागली होती. आक्कांनी तिचं नाव सांगितलं नव्हतं, तोंडवळा सांगितला नव्हता. नुसती पदर धरलेली मूठ सांगितली होती. ती मूठ त्याला दिसत होती.

"मी हुंकार दिलाच नाही तर?"

"तर ती तिथंच उभी."

"आणि मागून येणारं?"

"ते कशाला थांबंल?" आक्का म्हणाल्या. "त्याला काय तुझी ओळख हाय?"

बाहेर फणसाच्या बाजूला पान वाजलं. कुत्रं असेल, नाहीतर माकड. निनाद दचकून वळला. धुक्यात काही दिसलं नाही.

त्याने हौसाबाईंकडे पाहिलं. हळू आवाजात विचारलं की त्यांनी ही गोष्ट ऐकली आहे ना, मग शेवट काय आहे.

हौसाबाई म्हणाल्या, "मी एकदा धरला हुता हुंकार. माझ्या वेळी निराळं झालं."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

त्या डाळ सुपासकट उचलून आत निघून गेल्या. दारातून एवढंच म्हणाल्या, की त्यानंतर कितीतरी दिवस घासाला चव नव्हती.



थोड्या वेळाने निनादने आक्कांना विनवलं, की हुंकार हौसाबाईंना देऊ दे. मला सकाळी निघायचं आहे, माझ्या डोक्यात दुसरी काळजी आहे. आक्कांनी मान हलवली. नाही.

मग तो थोडा चिडला. म्हणाला, ही नुसती गोष्ट आहे. अशी बाई नाही, लेक नाही, पाणी नाही.

"बरं," आक्का म्हणाल्या. "मग दे की हुंकार."

निनादने तोंड उघडलं.

मिटलं.

दिवस मावळला तेव्हा आक्कांनी देवाजवळ दिवा लावला. हौसाबाईंनी तांदळाची भाकरी आणि आमटी वाढली. निनादने भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटात तसाच ठेवला. भांडी घासायला तो स्वतःहून उठला. मोरीत पाणी पायावर पडलं, तसा त्याने पाय झटकन मागे घेतला.

हौसाबाईंनी ते पाहिलं. एरवी त्यांनी काहीतरी टोमणा मारला असता. आज त्या नुसत्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मी घासते."

निजायच्या आधी तो आक्कांच्या समोर येऊन बसला. त्या सुपारी कातरत होत्या. आता त्याच्या चेहऱ्यावर रुबाब उरला नव्हता.

"पुढे पाणी आहे, मागे ते आहे," तो म्हणाला. "दोन्हीकडे तेच असेल तर मी कुठलं निवडू?"

"मला कशापायी इचारतोस? त्या बाईला इचार."

"ती काय सांगणार? ती तर..."

तो थांबला. ती तर गोष्टीतली आहे, असं त्याच्या तोंडात आलं होतं. पण त्याची केतकीही गोष्टीतलीच होती. तिने स्वतःहून विचारलं होतं, मी जाऊ की थांबू. आणि ती विचारत असताना त्याने तिच्या मागचं धुकं बांधून ठेवलं होतं.

अडकित्त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"आक्का," त्याने शेवटी विचारलं. आवाज लहान मुलासारखा आला. "तुम्हाला तरी पुढचं माहीत आहे ना?"

अडकित्ता थांबला.

आक्कांनी तो खाली ठेवला आणि आपला उजवा हात त्याच्यापुढे केला. निनादने तो हातात घेतला. तळवा गार पडला होता आणि घामाने ओला झाला होता.

"तुझा हुंकार आल्यावर कळंल," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाटेवरून गुरं चरायला निघाली तेव्हा, निनादने फोन करून साहेबांना सांगितलं की केतकीचं बोलणं काढायचं नाही, धुक्याचं थांबणं काढायचं; उत्तर येईपर्यंत ते पुढे येतच राहील. मग तो पडवीत आला, आक्कांच्या समोर बसला, आणि त्याने हुंकार दिला.