शांत झालेला मुलगा

"मग त्याचा राग गेला कुठं?" खैरमोडे बाईंनी विचारलं.

"संपला, बाई," निनाद म्हणाला.

"संपायला ते काय रॉकेल आहे?"

निनाद हसला. बाई हसल्या नाहीत. परसातल्या दगडाशी बसून त्या कपडे पिळत होत्या. त्यांचं सगळं आयुष्य समुपदेशन शिकवण्यात गेलं होतं आणि निनाद त्यांचा आवडता विद्यार्थी होता. आता तो जिल्ह्याच्या निरीक्षणगृहात समुपदेशक होता. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांना खटल्याचा निकाल लागेपर्यंत तिथं ठेवतात.

"पंधरा वर्षांचा आहे, बाई. कुणाला जवळ येऊ देत नव्हता. काळजीवाहकाच्या तोंडावर पोह्यांचं ताट फेकलं त्यानं. अधीक्षक साहेब म्हणाले, हे कार्टं दुसरीकडं पाठवून देऊ. मी म्हटलं, मला द्या."

"नाव काय त्याचं?"

"नाव सांगता येत नाही. नियम आहे."

"नियम पाळतोस. बरं आहे."

"रोज तासभर बसलो त्याच्याबरोबर. श्वास मोजायला शिकवलं. राग आला की दहापैकी किती, तो आकडा सांगायचा. सुरुवातीला दहाच म्हणायचा. आता दोनवर आलाय."

बाईंनी पुढचा कपडा पिळायला घेतला.

"काल साहेबांनी सगळ्यांसमोर माझा सत्कार केला." त्यानं पिशवीतून शाल काढली. "म्हटलं, हिच्यावर खरा हक्क बाईंचा."

बाईंनी शाल घेतली नाही.

"ताट का फेकलं होतं?"

"ते... ती गोष्ट वेगळी आहे."

"वेगळी कशी? ताट त्याच्याच हातातलं होतं ना?"

निनादनं आवाज खाली आणला.

"झोपेत अंथरूण ओलं होतं त्याचं. तिथं आल्यापासून. काळजीवाहक सकाळी ती ओली चादर त्याच्या खांद्यावर टाकतो आणि नाश्त्याच्या रांगेसमोर उभं करतो. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत. पोरं नाक धरतात, हसतात..."

"तुला कधी कळलं हे?"

"पहिल्याच आठवड्यात. त्यानंच सांगितलं."

बाईंचे हात थांबले.

"चादर बंद झाली?"

निनाद शालीची घडी नीट करू लागला.

"निनाद, मी विचारलं, चादर बंद झाली?"

"नाही. पण आता तो शांत उभा राहतो."

बाई उठल्या. त्याच्या हातातली शाल घेतली, बादलीत बुडवली आणि न पिळताच त्याच्या खांद्यांवर टाकली. इस्त्रीचा सदरा छातीला चिकटला. पाणी बुटांत गेलं.

शेजारची बाई भिंतीपलीकडून डोकावली. "काय हो खैरमोडे बाई, एवढ्या मोठ्या मुलाला आंघोळ घालताय होय?"

तिच्यामागं कुणीतरी फिसकन हसलं.

निनादनं शाल ओढून दगडावर फेकली. "काय चाललंय हे? चार लोकांदेखत?"

"श्वास मोज," बाई म्हणाल्या.

"कसला श्वास! तुम्ही आधी हे..."

तो थांबला.

"बोल ना. आधी हे काय?"

त्यानं दगडावरच्या शालीकडं पाहिलं.

"त्या पोराला एवढंच म्हणायचं होतं. नीट शब्दांत म्हणता आलं नाही, म्हणून ताटानं म्हणाला. आख्ख्या इमारतीत तेवढा एकच माणूस खरं बोलत होता, आणि तू त्याला गप्प केलंस." बाईंचा आवाज चढला. भिंतीपलीकडचं हसणं थांबलं. "काळजीवाहकाला चादर टाकताना पोराच्या रागाचा त्रास होत होता. तू तो त्रास काढून टाकलास. म्हणून तुला शाल मिळाली, गाढवा! आणि ती तू माझ्या दारात घेऊन आलास!"

"मी तक्रार केली तर मला काढतील, बाई. कंत्राटी नोकरी आहे. मग त्या पोरांकडं बघायला कोण राहील?"

"आत्ता कोण आहे?"

निनादनं मान खाली घातली. सदऱ्यातून पाणी गळत होतं.

"बाल न्याय मंडळाच्या न्यायाधीश येतात ना तुमच्याकडं?"

"येतात."

"त्यांना सांगितलंस?"

"अजून नाही. योग्य वेळ बघून सांगेन."

"उद्या सकाळी नाश्ता आहे का तिथं?"

"...आहे."

"मग कसली वेळ बघतोस?"

बाई परत दगडाशी बसल्या आणि राहिलेला परकर पिळू लागल्या. त्यातलं पाणी संपलं होतं, तरी पिळतच राहिल्या.

निनादनं शाल उचलली. ती जड झाली होती. आणलेली कागदी पिशवी भिजून फाटली होती.

"एखादी पिशवी मिळेल का, बाई?"

"नाही."

दाराच्या खिळ्याला तीन-चार पिशव्या लटकत होत्या. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं, पण पुन्हा विचारलं नाही. ओली शाल दोन्ही हातांत धरून तो फाटकापर्यंत गेला. तिथं थांबला.

मग वळून म्हणाला, "बाई, तुमचा राग शांत झाला की निरोप द्या. मी येतो. मग बसून बोलू."

बाईंनी मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"राग आहे तोवरच ये."