ताडपत्रीखालची गाडी

एकदा एका जिल्ह्याच्या गावी मोटारी विकणारी एक मुलगी हट्टाला पेटली होती. कांचन तिचं नाव. शोरूममध्ये लागून तिला वर्ष झालं होतं. मूळ पगार तुटपुंजा, गाडी विकली गेली तर त्यावर इन्सेंटिव्ह. म्हणजे एका महिन्यात पुरणपोळी आणि पुढच्या महिन्यात ताक-भाकरी. तिचे वडील जन्मभर साखर कारखान्यात टाइमकीपर. ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार, यापलीकडे नोकरी असू शकते हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांनी ओळखीतून तिच्यासाठी पतसंस्थेत जागा पाहून ठेवली होती. "दसऱ्यापर्यंत काय ते सांग," ते म्हणाले. "नाहीतर मी होकार कळवून मोकळा होतो."

कांचनला ती खुर्ची नको होती. अनोळखी माणसाला बोलतं करावं, त्याच्या मनातली गाडी त्याच्या दारी न्यावी, हे तिला जिवापाड आवडत होतं. पण आवडीवर चूल पेटत नाही, एवढं कळण्याइतकी ती शहाणी होती. म्हणून ती बापूंकडे गेली.

बापू म्हणजे त्या धंद्यातले पितामह. उभा जन्म त्यांनी गाड्या विकल्या, त्यावर घर बांधलं, दोन मुली शिकवल्या. आता निवृत्त होते, तरी नव्या गाडीपुढे नारळ फोडायला मालक त्यांनाच बोलावत असे.

"बापू, आबा मला पतसंस्थेत बसवायला निघालेत. आडपडदा न ठेवता सांगा. या कामात पैसा आहे का?"

बापूंनी चष्मा पुसला. "पहिली गाडी कुणाला विकलीस?"

"आरवाडेबाईंना. कन्याशाळेत शिकवतात त्या."

"कशी चाललीय गाडी?"

"चांगलीच चालत असणार. तक्रार काही आली नाही."

"मग जा आणि बघून ये. हातात माहितीपत्रक न्यायचं नाही, नव्या मॉडेलचं नाव काढायचं नाही. नुसतं बघून यायचं."

नवरात्र सुरू झालेलं. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही, एकेक गिऱ्हाईक म्हणजे सोन्याचं पान, आणि हा म्हातारा सांगतो, विकलेली गाडी बघून ये! कांचनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहकारी तर खो खो हसले. पण विचारलं आपण आणि उत्तर ऐकायचं नाही, हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं स्कूटर काढली.

बाईंचं घर जुन्या पेठेतल्या एका बोळात होतं. कांचन तिथं पहिल्यांदाच येत होती. अंगणात निळी ताडपत्री घातलेलं काहीतरी उभं होतं. ताडपत्रीवर कडुनिंबाचा पाला साचला होता आणि एका कोपऱ्यात पापड वाळत होते. ती आपण विकलेली गाडी आहे, हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

"ये गं," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच कांचनला जास्त लागलं. "तुमचा ड्रायव्हर मोठ्या कसबानं आत लावून गेला. मी दोनदा बाहेर काढली. दुसऱ्यांदा वळणावर शेजारच्या तोडकरांच्या ओट्याला घासली. त्यांचं माझं वाजलं. त्यानंतर हात लावायची हिंमत झाली नाही. रिक्षानं जाते शाळेत."

कांचनला तो दिवस जसाच्या तसा आठवला. बाई छोटी गाडी बघायला आल्या होत्या. हिनं छतातली काच दाखवली, डॅशबोर्डवरचा पडदा दाखवला, गाणी लावून दाखवली आणि मोठी गाडी गळ्यात मारली. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, ते खरं करून दाखवलं. गाडी उभी कुठं राहणार, एवढं मात्र विचारलं नाही.

चहाचा कप पुढे करत बाई सहज म्हणाल्या, "माझ्या बहिणीनंही गाडी घेतली मागच्या महिन्यात. तुमच्याकडे यावं का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, नको गं बाई तिथं."

कांचननं कप तसाच खाली ठेवला.

ती परतली ती थेट बापूंपुढे उभी राहिली. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"मला कसं ठाऊक असणार? पण तू 'चांगलीच चालत असणार' म्हणालीस तेव्हा शंका आली." बापूंनी तिला बसायला सांगितलं. "ऐक पोरी. विकण्याच्या दिवशी जे मिळतं ते जिभेचं मोल. जीभ ज्याला आहे त्याला ते मिळतंच. त्यावर महिना निघतो, संसार निघत नाही. या धंद्यात माणूस पहिलीच गाडी विकतो. दुसरी, तिसरी, दहावी गाडी ती पहिली गाडी विकून देते, पण त्यासाठी ती रस्त्यावर धावत असायला हवी. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पैसा आहे. पण तो बोळात आहे, आणि तू तो शोरूमच्या काचेत शोधतेस. सुरुवातीची वर्षं कोरडी जातात, हेही सांगून ठेवतो. तेवढा दम नसेल तर पतसंस्थेची खुर्ची वाईट नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती बोळात हजर होती.

वळणावर अडचण होती ती तोडकरांच्या ओट्यालगतच्या धुण्याच्या दगडाची. तोडकर आधी गुरगुरले. कांचननं चुकीचं माप बाईंच्या नव्हे, आपल्या पदरात घेतलं. "काका, बाईंना ही गाडी मी दिली. बोळ बघितला नाही, ती चूक माझी. तुम्ही बोलायचं ते मला बोला." तोडकर मनसोक्त बोलले आणि मग स्वतःच पहार घेऊन आले. दगड भिंतीकडे सरकला. तरी वळण सोपं नव्हतं. रोज सकाळी कांचन गाडीपुढे उलट्या पावलांनी चालायची, "आता डावीकडे कापा, अजून, थांबा, आरसा बघा," आणि बाई घामाघूम होऊन स्टिअरिंग फिरवायच्या. शोरूमला पोचायला उशीर व्हायचा. हाताशी आलेली दोन गिऱ्हाइकं सहकाऱ्यांनी नेली. तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. तरी ती येत राहिली.

दसऱ्याला बाईंनी बॉनेटवर झेंडूची माळ बांधली, कांचनला बाजूला उभं राहायला सांगितलं आणि गाडी एकटीनं मोठ्या रस्त्यावर आणली. तोडकरच आधी टाळ्या वाजवायला लागले.

घरी वडील वाट बघत होते. "महिन्याचं टार्गेट झालं?"

"नाही झालं, आबा."

"मग कळवू पतसंस्थेत?"

"कळवा. येत नाही म्हणून कळवा." कांचन त्यांच्यासमोर बसली आणि तिनं पापड वाळत होते तिथपासून सगळं सांगितलं. आपली चूकही सांगितली. "आज या कामात पैसा नाही. पण तो कुठं असतो ते मला कळलंय, आणि तिथं जायला मी कंटाळणार नाही."

टाइमकीपरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्याही निघेल का गं बाईंची गाडी? तू नसताना?"

"निघेल."

ते उठले आणि फोन लावायला आत गेले. नकार त्यांनी स्वतःच कळवला.

आपलं काम पैसा देतं का, असा प्रश्न पडला तर आपण दिलेली वस्तू कुणाच्या दारात कशी उभी आहे, ते आधी बघून यावं.