सतरावी बॅच

"म्हणजे कोर्स करून काहीच होत नाही, असं म्हणताय का वस्ताद?"

"मी कुठं म्हणालो?"

"मग होतं?"

"तेही नाही म्हणालो."

निनाद केळुसकरने पाठीवरची पिशवी सरळ केली.

दगडूबा वस्ताद अंगणात पाण्याचा निळा पिंप आडवा करून आतून घासत होते. हात खांद्यापर्यंत पिंपात. वाळूजच्या एका बिअर कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं टाक्या सांभाळल्या होत्या. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांचा पत्ता शोधत येत. विशेषतः घरी हौसेने बिअर करणारे. वस्ताद स्वतः पीत नसत. वास घेत, घोटभर जिभेवर फिरवत आणि थुंकून टाकत.

निनाद पुण्याहून आला होता. घराच्या गॅलरीत सहा वर्षं तो बिअर करत होता. दोन महिन्यांपूर्वी त्याने बिअर करण्याचा पाच दिवसांचा कोर्सही केला. आता स्वतःची ब्रूअरी काढायची होती. चाकणजवळ शेड बघून ठेवली होती. पाठीवरच्या पिशवीत नोकरीचा राजीनामा होता, छापलेला. फक्त तारीख टाकायची होती. पुढच्या सोमवारी शेडच्या मालकाला हो की नाही ते सांगायचं होतं.

बायको, केतकी, निघताना एवढंच म्हणाली होती, "काय ते ठरव. पण एकदाच ठरव."

"गेल्या महिन्यात नाशिकच्या एक बाई आल्या होत्या," पिंपात तोंड असल्यामुळे वस्तादांचा आवाज घुमत होता. "कोर्स न करता बिअर करतात. त्यांना म्हणालो, कोर्स करा."

"मग मला?"

"तू तर केलास."

"म्हणजे मी तयार आहे?"

वस्तादांनी हात बाहेर काढला, वास घेतला आणि पुन्हा आत घातला.

निनादने पिशवीतून बाटली काढली. तिच्यावर त्याने स्वतः काढलेलं लेबल होतं. काळा कातळ आणि त्यावर एक खेकडा.

"ही बघा. सगळे म्हणतात, विकत मिळते तिच्यापेक्षा चांगली आहे."

वस्तादांनी हात धुतले. बाटली उघडली. वास घेतला, घोट घेतला, तुळशीच्या पलीकडे जाऊन थुंकला.

"चांगली आहे."

निनादला बरं वाटलं.

"बिघडलेली आणलीस का एखादी?"

"बिघडलेली कोण आणेल?"

"बिघडते ना पण?"

"बिघडते कधीकधी."

"मग काय करतोस?"

"बेसिनमध्ये ओततो. नवी लावतो."

"हं…"

त्या 'हं'चा अर्थ काय, ते निनादला कळेना. मग त्याने मोबाइलवर कोर्सच्या प्रमाणपत्राचा फोटो दाखवला. त्याच्या मागोमाग सगळ्यांचा एकत्र फोटो. बारा जण, मध्ये चकचकीत टाकी. टाकीच्या अगदी पुढे निनाद, हातात लांब दांड्याचा डाव.

"हा पहिल्या दिवसाचा. सातू भरडण्यापासून सगळं आम्हीच केलं. उकळलं, गार केलं. यीस्ट मी स्वतः घातलं. त्याच्या आधी हा फोटो."

वस्तादांनी चष्मा पुसला. फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"झाकण कुणाच्या हातात आहे?"

निनादने पाहिलं. "कुणाच्याच नाही दिसत."

"बरं… कितवी बॅच ही?"

"सतरावी."

"कशी झाली?"

"छान होती. सगळे शिकलेले लोक. एक तर दुबईहून आला होता."

"माणसं नाही विचारली."

निनादला आधी कळलंच नाही. मग हसला. "बिअर होय. छान होती. पाचव्या दिवशी चाखली ना आम्ही."

वस्तादांनी मोबाइल खाली केला.

"पहिल्या दिवशी लावलेली पाचव्या दिवशी प्यायलात?"

"नाही… ती आधीची होती. सोळाव्या बॅचने लावलेली. तिथं तसंच असतं. आपली पुढच्यांसाठी."

"मग सतराव्या बॅचची बॅच कुणी प्यायली?"

"अठराव्या बॅचने असेल."

"असेल," वस्ताद म्हणाले. त्यांनी पिंप उभा केला आणि उन्हाकडे तोंड करून ठेवला.

"वस्ताद, पुढच्या सोमवारी मला उत्तर द्यायचंय. हो की नाही, एवढंच सांगा. या कोर्सच्या जोरावर माणूस ब्रूअरी काढू शकतो का?"

"विचारून ये."

"कुणाला?"

"तुझ्या बॅचला."

निनादला परतीच्या पूर्ण रस्त्यात नीट कळलं नाही की आपल्याला नेमकं कुठं पाठवलं आहे. आधी त्याने कोर्सच्या अकरा जणांना मेसेज केले. आपली बिअर कशी झाली होती, कुणाला माहीत आहे का? दुबईवाल्याने अंगठा पाठवला. एकाने विचारलं, कुठली बिअर? बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून तो कोर्स घेणाऱ्या संस्थेत गेला. तिथल्या प्रयोगशाळेत जांभेकर नावाचे गृहस्थ होते. त्यांना प्रश्न समजायलाच वेळ लागला.

"म्हणजे तक्रार आहे का तुमची?"

"नाही. फक्त कशी झाली ते हवंय."

"प्रमाणपत्र मिळालं ना पण?"

"मिळालं."

जांभेकरांनी वही काढली. पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं.

"सतरावी… सोडून दिली. नवव्या दिवशी. आंबली होती."

"सोडून दिली म्हणजे?"

"गटारात. दुसरं काय करणार?"

निनादला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कशामुळे आंबली?"

"आता काय सांगू. पाइप नीट धुतला नसेल. झाकण उघडं राहिलं असेल. गार झाल्यावर कुणी हात घातला असेल. बारा जण होतात तुम्ही."

"आम्हाला कळवलं नाही."

"तुम्ही घरी गेला होतात," जांभेकर म्हणाले. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

"मग अठराव्या बॅचला चाखायला काय दिलं?"

"बाहेरून आणली."

निनाद दारापर्यंत गेला आणि वळला. मग त्याने हळूच विचारलं, "आम्ही प्यायलो ती… ती सोळाव्या बॅचचीच होती ना?"

जांभेकरांनी वहीकडे पाहिलं. "बघावं लागेल," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

निनाद निघताना मात्र त्यांना आठवलं. प्रत्येक टाकीची एक बाटली नमुना म्हणून ठेवलेली असे. शीतकपाटात मागच्या बाजूला ती सापडली. गळ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर फक्त आकडा. १७.

रविवारी दुपारी निनाद पुन्हा वाळूजला गेला. या वेळी लेबलाची बाटली नेली नाही.

वस्ताद पिंपाला नवी तोटी बसवत होते.

"आलास? काय म्हणाली बॅच?"

निनादने बाटली पुढे केली. वस्तादांनी चिठ्ठी वाचली. बूच काढलं. वास घेतला. पण घोट घेतला नाही. बाटली निनादला परत दिली.

"पी."

"खराब आहे, वस्ताद."

"तुझी आहे."

निनादने घोट घेतला. त्याचा चेहरा वाकडा झाला. तो थुंकायला वळला.

"गिळ."

त्याने गिळली.

"कशी आहे?"

"आंबट. आणि मागून ओल्या पोत्यासारखी… शिळी."

"कशामुळे?"

"ते म्हणाले, पाइप असेल, झाकण असेल, कुणाचा हात असेल."

"ते जाऊ दे. तू सांग."

निनादने मोबाइल काढला. तोच फोटो उघडला, मोठा केला. टाकी उघडी होती. गार झालेला सातूचा गोड काढा आत दिसत होता. बारा जण हसत होते. कुणाच्याही हातात झाकण नव्हतं. त्याच्या स्वतःच्या हातातला डाव ओला होता.

हा फोटो त्याने दिवाणखान्यात लावला होता. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला होता.

"मी असेन," तो म्हणाला. मग म्हणाला, "नसेनही. फोटोसाठी डाव सगळ्यांनीच आळीपाळीने घेतला होता. मी शेवटी घेतला… की पहिल्यांदा… आठवत नाही."

वस्ताद पुन्हा तोटीकडे वळले.

"घरी बिघडायची तेव्हाही असंच काहीतरी होत असेल. मी कधी बघितलंच नाही. लगेच ओतायचो."

तोटीतून पाणी ठिबकत होतं. वस्तादांनी ती अर्धा आटा आवळली. ठिबकणं थांबलं नाही. अजून अर्धा आटा आवळली.

"वस्ताद, मी आलो तेव्हा मला थोडंतरी कळत होतं. आता काहीच कळेनासं झालंय. राजीनामा या पिशवीतच आहे. उद्या सोमवार. शेडवाल्याला काय सांगू? केतकीला काय सांगू?"

"कोर्स किती दिवसांचा होता म्हणालास?"

"पाच."

"संपून किती दिवस झाले?"

"दोन महिने होऊन गेले."

वस्तादांनी बाटली त्याच्या हातातून घेतली, बूच लावलं आणि ती चिठ्ठीसकट परत त्याच्या पिशवीत ठेवली. राजीनाम्याशेजारी.

"चुकतोयस मोजायला," ते म्हणाले. "आज सहावा दिवस आहे."